विहिरीचं तिकीट

किल्ल्याचं तिकीट चार युरो.
विहिरीचं वेगळं नाही,
तरी लोक खिडकीशी येऊन विचारतात ते विहिरीचंच.

ब्लाझेय आधी बाकीचं दाखवून घेतो:
तोफेने खचलेला बुरूज,
शत्रूवर उकळतं तेल ओतायची भोकं
(तेल महाग हो, वाळू ओतायचे, तापवून),
आणि गोल जिन्याची सतरावी पायरी,
परका अडखळावा म्हणून मुद्दाम बोटभर उंच.
अजूनही परकेच अडखळतात.
मला इथवर ऐकू येतं.

मग अंगणात लोखंडी झाकण सरकतं.
पत्र्याच्या मगातलं पाणी तो आत सोडतो,
बोट ओठांवर.
येदेन. द्वा. त्रि.
शाळेची पोरं, बियरचा वास येणारे सायकलवाले,
वाटेत भांडून आलेलं जोडपं,
सगळ्यांच्या माना एकाच काठावर.
चारला कुणीतरी श्वास सोडतं.
पाचला खालून येतं ते,
दूरच्या खोलीत कुणी पान उलटावं तसं.

"पंधरा वर्षं खणली. कैद्यांनी."
सरदाराचं नाव फलकावर आहे,
त्याच्या घोड्याचंसुद्धा.

मंगळवारी एका दात पडलेल्या मुलीने विचारलं,
"मग निघालेला दगड कुठे गेला?"
भुतं विचारतात लोक, खजिना विचारतात.
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
ब्लाझेयने जरा वेळ घेतला.
"तू टेकलीयेस त्याला."
ती भिंतीपासून चटकन सरकली,
बसमध्ये अनोळखी खांद्याला खांदा लागावा तशी.

आता तुम्हाला म्हणून सांगते.
विहीर माझ्या आजोबांच्या आधीच आटली.
तळाशी जे काही आहे ते आमच्या मोरीतल्या नळाचं.
रोज सकाळी दोन कॅन,
टेकडी, आणि त्याचे ते गुडघे.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
आमच्याकडे पोहऱ्यातलं आडात जातं.

गेल्या आठवड्यात तो तापाने पडला.
झाकण मी सरकवलं, पाणी मी सोडलं,
बोट ओठांवर ठेवायचं विसरले,
तरी सगळे गप्प झाले.
येदेन. द्वा. त्रि.
चारलाच आलं.

रात्री त्याला सांगितलं.
"तू हळू मोजतेस," तो म्हणाला
आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तसंही असेल.
सकाळी मी दोन्ही कॅन काठोकाठ भरले.