डावी बाजू

खाडीचं वारं ऐरोलीत
सगळ्यांनाच लागतं,
ॲल्युमिनियमला ते आधी कळतं.
चाकांच्या लॅकरखाली पांढऱ्या रेषा,
अळीनं पान पोखरावं तशा
वळत वळत आऱ्यांच्या टोकापर्यंत गेलेल्या.

गाडी तिसऱ्या हातची, पंच्याऐंशी हजारांची.
रबाळ्याचा पावडर कोटिंगवाला म्हणाला,
चारही चाकांचे चौदा.
"हजार?" मी विचारलं.
तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.
चौदा हजार म्हणजे माझे किती डबे,
हा हिशोब तीन सिग्नल पुरला.

मग छेडा हार्डवेअर.
पॉलिश पेपर, जाड ते बारीक,
पुट्टीची एक ट्यूब,
प्रायमर, चंदेरी आणि लॅकरचा एकेक डबा.
"एका डब्यात दोन चाकं होतील, ताई.
तिसरं ओढायला गेलात तर तिन्ही बिघडतील."
सामान अकराशे चाळीस.
वाक्य त्यानं फुकट दिलं.

एका वेळी एक चाक, त्याच्या जागी स्टेपनी,
जॅक, दोन विटा, आणि वॉचमन रामसजीवनची
न मागितलेली देखरेख.
तांब्याला लावते ती चिंच इथं चालत नाही
एवढं मला माहीत होतं.
ॲल्युमिनियम आंबटावर चिडतं,
काळं तोंड करून बसतं.
साबणाचं पाणी, तारेचा ब्रश,
मग भिजवलेला पेपर, घासत, घासत,
करड्या पाण्याचा ओघळ
मोकाशींच्या स्कूटरखाली गेला
तरी घासत.

कडेच्या खरचटी मात्र वाऱ्याच्या नव्हत्या.
त्या माझ्या.
सत्तेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं, तेव्हापासूनच्या.
ही दिवा कोळीवाड्याच्या वळणावरची,
कोणाची तरी मासळीची पाटी वाचली, फुटपाथ नाही वाचला.
ही भाजी मार्केटची, ही पण तिथलीच.
आणि ही खोल, नख अडकतं अशी,
पहाटे साडेतीनला अविनाशला
हॉस्पिटलच्या दारात उतरवतानाची.
मूतखडा होता.
पण ते सकाळी कळलं.
पुट्टी भरताना इथं
जरा जास्त वेळ गेला.

टायरला रंग लागू नये म्हणून
रिम आणि रबराच्या फटीत पत्ते खोचतात.
कॅट पार्किंगमधल्या रमीवाल्यांचा.
"चौकटचा गुलाम आधीच हरवलाय,"
मोकाशींनी बजावलं, "एकावन्न मोजून परत करा."
पानाला पान चढवत गेले,
चाकाभोवती फेर धरला त्यांनी,
पाठी सगळ्या माझ्याकडे.
डबा हलवला. आत गोळी खुळखुळली.
पातळ थर. थांबा. पातळ थर.
थांबणं पेपरपेक्षा महाग पडतं.
दुसऱ्या थरावर एक चिलट येऊन बसलं.
अजून आहे.
जवळ जाऊन पाहिलं तर पंखही दिसतो.

रमी आता त्याच कॅटवर चालते.
अर्धी पाठ चंदेरी, प्रत्येकीचा शिंतोडा वेगळा,
कोणाच्या हातात काय आहे
हे सगळ्यांना समोरूनच कळतं.
मोकाशी कुरकुरतात,
डावात काही राम उरला नाही म्हणतात,
आणि पत्ते पिसतात.
नवा कॅट कोणी आणत नाही.

उजवी दोन चाकं तशीच आहेत.
गाडीच्या दोन्ही बाजू एकदम
कोणाच्याच डोळ्यांत मावत नाहीत,
म्हणून डावी आधी केली, लोकांकडची.
बाकीचं दिवाळीच्या ऑर्डरी आल्या की.
आयटी पार्कच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला
परवा म्हणाला, "मॅडम, नवीन घेतली?"
मी अठरा डबे मोजून त्याच्या टेबलावर ठेवले,
हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही,
आणि गाडीला वळसा घालून
माझ्या बाजूनं आत बसले.