खांदेमळणी

अवधानच्या एमआयडीसीत, शेड नंबर एकोणीस,
लेथशेजारी गोणपाटावर ॲक्सल, दोन तुकड्यांत.
गाडी अजून तिकडंच, पारोळ्याकडच्या
उद्घाटन न झालेल्या रस्त्यावर, ताडपत्रीखाली.

पहिल्या दोन फेऱ्या नीट गेल्या.
एकशे ब्याण्णव. दोनशे चार.
तिसरीला कुंदन भंगाळेनं पाचवा टाकला
आणि इंजिन एकदम हलकं झालं, किंचाळलं,
नाडा तुटल्यावर मोटेचे बैल पुढं कोलमडतात तसं.
मागून एक ठोका ऐकला मी. मोठा नाही.
दाराची कडी पडावी एवढाच.
गाडी मात्र दीड किलोमीटर तशीच गेली,
कुणी न ओढता, बाभळींच्या रांगेसमोरून,
आणि टोलनाक्याच्या रिकाम्या खोक्यांपाशी थांबली.

"तुटनं ना, भो," मुनाफ पिंजारी म्हणाला.

सगळे म्हणाले, माल खोटा.
इंदूरहून आणलेला एन चोवीस, पावती आहे, टेस्ट रिपोर्ट आहे.
कुणी म्हणालं, जाड कर. छत्तीसचा बेचाळीस.
मुनाफ हसला. ॲक्सल जाड केला तर क्राउन जाईल,
क्राउन सांभाळला तर गिअरबॉक्स.
जोर कुठं नाहीसा होत नाही,
पुढच्या दाराशी जाऊन बसतो.
जिनिंगमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस.
तिथं शाफ्टच्या आधी तुटावी म्हणून
दोन रुपयांची पिन मुद्दाम कच्ची ठेवतात.

रात्री तुकडे डिझेलनं धुतले,
तुटीचं तोंड बल्बखाली धरलं.
बहुतेक भाग भरड, नुकत्या फोडलेल्या गुळासारखा.
पण एका कडेला, नखाएवढ्या जागेत,
गुळगुळीत, काळपट, एकीमागे एक रेघा,
पांझरा ओसरताना वाळूवर सोडते तशा.
म्हणजे चीर जुनी.
ट्रायलच्या दिवसांपासून, दर सुटीला थोडी थोडी
आत चालत आलेली.

ती निघाली कुठून, तेही दिसलं.
बेअरिंगचा खांदा उतरतो तिथून.
ड्रॉइंगमध्ये तिथं तीन मिलिमीटरची गोलाई होती.
मी टूल बदललं नव्हतं.
वीज सातला जाणार होती, साडेसहा झाले होते.
काटकोन राहिला तसाच,
चकचकीत, सुरेख.

बाप पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी
बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचा.
जू बसतं तिथं अंगठा दाबून बघायचा,
कुठं घट्टा राहिलाय का.
मी बॅटरी धरायचो. कंटाळायचो.

पहाटे कुंदनला फोन लावला.
"माल चांगला होता," म्हणालो. "खांदा मी बिघडवला."
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग, "गोलाई किती होती?"
"तीन."
"चार कर."

आता चकमध्ये नवा रॉड फिरतोय.
टूलचं नाक ग्राइंडरवर घासून गोल केलंय,
गेजला लावून दोनदा बघितलंय.
वीज जायला पाऊण तास आहे.
जाऊ दे.