नमुन्याची ताटली

पुण्याहून आलेल्या बाईंनी आधी ती उलटी केली.
आम्ही चाळीस वर्षं सरळच बघत होतो.
पाठीवर तीन टिंबं,
भट्टीत खाली टेकू दिले होते त्यांचे वण,
आणि मधोमध एक अक्षर.
"सुख," म्हणाल्या. "किंवा नशीब. त्यांच्यात दोन्हींना एकच."

पायगोंडा अण्णांच्या अडतीत
हळदीचा नमुना हिच्यातच निघायचा.
हरिपूरच्या पेवात उतरलेला गडी
पहिली पाटी वर द्यायचा, त्यातली ओंजळभर.
अण्णा एका हातानं ताटली पेलायचे,
दुसरा रुमालाखाली,
व्यापाऱ्याची बोटं दाबत.
आकडा तोंडातून कधी फुटला नाही.

बाई सांगत होत्या, मी आवकेच्या वहीत
मागच्या पानावर उतरवत होतो :
निळं आधी, झिलईच्या पोटात.
लाल नंतर, झिलईवर.
सोनं सगळ्यात शेवटी, मंद आचेवर,
म्हणून जातंही तेच आधी.
हिला इमारी म्हणतात, पण ते बंदराचं नाव,
माती आणि भट्टी दुसऱ्याच गावची.
(हे मला लगेच कळलं. राजापुरी हळद
सांगलीत आम्ही जन्मभर तोलतोय.)

"दुसरी एक तऱ्हा असते," त्या म्हणाल्या,
"दुधासारखी पांढरी. एका कडेला दोन लावे, थोडं गवत.
बाकी सगळं कोरं. तशी असती तर..."
आणि वाक्य तिथंच सोडलं.
हिच्यात कोरं काहीच नाही.
शेवंती, कुंपण, लाटा, लाटांवर पुन्हा शेवंती,
जत्रेतल्या दुकानासारखी खच्चून भरलेली.
बोटीवर चढवायचा माल,
गिऱ्हाइकाला पैशाचं भरून दिसायला हवं.

काठाचं सोनं सगळीकडं शाबूत,
फक्त एका जागी नाही.
मी अंगठा ठेवून पाहिला.
पुरला नाही. अण्णांचा रुंद होता.

"आणि हे भेगांमधलं पिवळं," बाई म्हणाल्या,
"हे काही मूळचं नव्हे. भिजत घातलं तर निघेल."
कुणीच बोललं नाही.
बाहेर हमाल पोती रचत होते,
एक शिंकला, मग दुसरा.

धाकट्या भरमगोंडानं सरळ विचारलं,
मोठ्यानं, सगळ्यांदेखत,
"किती येतील?"

बाईंनी त्याच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.
खांद्यावरचा रुमाल
मी कधी पुढे धरला होता
माझं मला कळलं नव्हतं.