खालची नळी

मासावा सोडताना काटा निमूट असतो.
दोगालीचा पूल, मग उजाड टेकड्या,
आणि गिंडाच्या पुढे तिसऱ्या वळणावर
तो उठतो,
रुसलेल्या पाहुण्यासारखा, दाराकडे निघतो. लालाकडे.

फियाट अकराशे, साल सत्तावन्न.
रंग मूळचा पिस्ता, आता कुठला ते विचारू नका.
बापाने मरताना घर त्सेगायला दिलं
आणि माझ्या तळहातावर किल्ली ठेवली.
त्सेगाय अजून समजतो की तो जिंकला.
मीही, उतारावर असले तर, तसंच समजते.

चढ वेगळा.
जितकं वर जावं तितकी हवा विरळ,
आणि विरळ हवेत पाण्याला
उकळायला फारसं निमित्त लागत नाही;
अस्मारात तर ब्याण्णव अंशांवरच ते धीर सोडतं.
मग कडेला लावायची. बॉनेट उघडायचं.
कॅपला मात्र हात लावायचा नाही अर्धा तास.
बापाच्या मनगटावर एक गुळगुळीत गुलाबी डाग होता,
माझं शिक्षण तेवढंच.

गेब्रेआब म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, इंजिन उतरवू.
किंमत सांगताना तो गाडीकडे नाही,
माझ्या कानातल्याकडे बघत होता.
पण तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं,
रेडिएटरच्या तोंडाशी एक बुडबुडा नाही.
दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून
बायकोच्या पातेल्यात उकळला.
तो वेळेवर उघडला, शिंपल्यासारखा.
तरी नवा बसवला, कारण आणून ठेवला होता.
तिसऱ्याने जाळीतून टोळ उपटले,
कधीच्या तरी धाडीतले, पंख शाबूत,
मग पोटात व्हिनेगर घालून तिला धुतलं:
तांबडा गाळ, घमेलंभर,
आणि गाळात तारेचे चार-दोन तुकडे.
कशाचे, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

पुढच्या मंगळवारी त्याच वळणावर वाफ.
निवडुंगाची फळं विकणारा पोरगा
पाण्याचा कॅन घेऊन आधीच उभा.
एका लिटरचे तो माझ्याकडून दोन लिटरचे घ्यायचा.
"तुझा चहा झाला," म्हणाला.

शेवटी मेदेबेरच्या बाजारात झेरेझगी भेटला,
पूर्वी बसगाड्यांचा मिस्त्री, आता पिंपांच्या चुली करतो.
तिखट दळणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून
तो आधी भरपूर शिंकला.
मग म्हणाला, "उभी असताना सगळेच निरोगी असतात.
तू खाली बघ. मी दाबतो."

त्याने ॲक्सिलरेटर दाबला.
आणि खालची नळी,
तीन मिस्त्र्यांनी चाचपलेली, टणक, शहाणी,
आत ओढली गेली,
आंबट गोळी चोखणाऱ्या पोराच्या गालांसारखी.
पार चपटी.
पंप पाणी मागतोय, आणि घसा मिटलेला.
पाय काढला.
पुन्हा गोल. जणू काही झालंच नाही.

"आत स्प्रिंग असते," तो म्हणाला, "तारेची. गंजून गेली."
मला घमेलं आठवलं.
म्हण आहे ना, दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला;
आम्ही म्हैसच डागत बसलो होतो,
पखाल ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर.

त्याने कुणाच्या तरी खाटेतली तार ओढली,
कुऱ्हाडीच्या दांड्यावर गुंडाळली, चौदा वेढे,
टोकं कानशीने घासली, नळीला आतून बोचू नयेत म्हणून.
साबण लावून, पिळत पिळत, आत सरकवली.
दोन पट्टे आवळले.
पैसे घेतले. जास्त घेतले. मी घासाघीस केली नाही.

शनिवारी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ओरडत,
तिसरं वळण.
काटा मध्यावर, झोपल्यासारखा.
थांबायचं कारण नव्हतं. थांबले.
बॉनेटवर तळहात ठेवला:
गरम. नुसतं गरम.
पोरगा धावत आला, वाफ शोधली, सापडली नाही,
आणि त्याचा चेहरा उतरला.
मी एक लिटर घेतलं, त्याच्याच भावाने.
या वेळी मी प्यायले.