आंधळी खिडकी

थॉर्नगिलमधल्या ईनिड पिकर्सगिलच्या घराला
उत्तरेच्या अंगाने तीन खिडक्या,
मधली दगडांनी बुजवलेली.
गाव सांगे : राजाने खिडक्यांवर कर बसवला,
तेव्हा थोरल्या मालकाने उजेड देऊन पैसे वाचवले.
ईनिडही हेच सांगे, प्रत्येक पाहुण्याला, चहा ओतताना.
सत्तर वर्षं.

मार्चमध्ये तिने मला बोलावलं.
म्हणाली, ती उघड. डोळे मिटण्याआधी
त्या बाजूच्या मेंढ्या मला आतून बघायच्यात.

मी गवंडी, बापही गवंडी.
त्याने शिकवलेलं एवढंच :
दगड खाणीत ज्या कुशीवर निजला होता
त्याच कुशीवर भिंतीत निजव.
कूस बदललीस तर दहा हिवाळ्यांत पापुद्रे सुटतील.
आणि दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या करशील,
मध्ये चुरा भरशील,
तर हातभर अंतरावर एक लांब दगड आरपार घाल,
नाहीतर त्या एकमेकींकडे पाठ करूनच फुगतील.
(माझ्या आईबापांत तो दगड मी होतो.)

दाराच्या माथ्यावर सोळाशे चौऱ्याऐंशी कोरलेलं,
वर आडनावाचं एक अक्षर,
खाली नवऱ्याचं, बायकोचं, शेजारी शेजारी.
छपराच्या फरशा वळचणीला थाळीएवढ्या,
वर जाता जाता तळहाताएवढ्या.
कुणीतरी एकेक निवडून रचलेल्या.
टाकीचे घाव सोसून सगळेच दगड देव होत नाहीत,
काही उंबरा होतात, आणि तेही पुरतं.

आधी खरवडलं सिमेंट. साठच्या सुमारास
कुणा शहाण्याने थापलेलं, भिंतीचा श्वास कोंडणारं.
मग भाचा क्लिफर्ड पहारीने पहिला दगड हलवायला गेला
आणि तो हलेना.

मला तेव्हाच दिसायला हवं होतं.
चौकटीच्या उभ्या दांड्यांना काचेची खाच नव्हती.
गजांची भोकं नव्हती.
बुजवणीचे थर शेजारच्या भिंतीत सलग शिरलेले,
चुनाही तोच, केसाळ, पिवळट.
ही खिडकी कधी बुजवलीच नव्हती.
ती आंधळीच जन्मली होती,
तीन दिसाव्यात म्हणून घडवलेली,
कारण मागे स्वयंपाकघराचं धुराडं वर जातं.
एका कोपऱ्यात गवंड्याची खूण : पाखराचा पाय.
साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने
न उघडणाऱ्या खिडकीचीही कड
तितक्याच तब्येतीने घासली होती.

ईनिड काठी टेकत बाहेर आली.
मी सगळं सांगितलं. करही नाही, कंजूष मालकही नाही.
तिने हातमोजा काढला,
दगडावर तळहात ठेवला, बराच वेळ.
आत चूल पेटलेली होती.
"कोमट आहे," म्हणाली. दुसरं काही नाही.

सांधे मी चुन्याने भरले, ओली पोती लावली.
सोमवारी नवा पोस्टमन आला, कपाळ पुसत विचारू लागला
ती मधली खिडकी बंद का?
ईनिड चहा ओतत होती.
"राजाचा कर," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.