उंदरानं वायर कुरतडली

सांगलीच्या मार्केट यार्डात, आमच्या गाळ्यात
बेदाण्याच्या पेट्यांमागच्या उंदरानं
टेबलावरच्या माऊसची वायर कुरतडली.
दोघांचं काय वैर होतं, देव जाणे.

सौदा अकराला.
दर बघायचे, बँक उघडायची, ई-वे बिल काढायचं,
आणि पडद्यावरचा बाण
मेलेल्या माशीसारखा कोपऱ्यात चिकटलेला.

शेजारून चौगुल्यांचा शीतल आला.
हात हळदीचे, म्हणून कीबोर्डला शिवला नाही,
उंबऱ्यातूनच सांगत राहिला:
वहिनी, कंट्रोल आणि टी, नवं पान.
कंट्रोल आणि एल, पत्ता लिहा.
टॅब दाबत चला, चौकटी येतील एकेक,
स्पेस दाबली की खाली सरकेल.
चुकून मिटलं? घाबरायचं नाही,
कंट्रोल, शिफ्ट, टी.
आलं का परत?

आलं.
मी हूं म्हटलं, मान वर न करता.

गुरुवारी सौद्याच्या आधीच काम संपलं.
सात मिनिटं उरली.
त्यांचं काय करायचं
ते कुठलंच बटण सांगेना.
दारात जाऊन उभी राहिले नुसती.
पलीकडे हळदीची पोती झटकत होते,
पिवळ्या धुरळ्यात एक हमाल
काट्यावर चढून स्वतःचंच वजन बघत होता.
नऊ वर्षं इथं बसते,
आमचा काटा निळा आहे हे तेव्हा कळलं.

शनिवारी मालकांनी नवा माऊस आणला, बिनवायरचा.
"आता कुरतड म्हणावं!"

तो ड्रॉवरमध्ये आहे, खोक्यासकट.
आणि कुलूप लावायच्या आधी
पेट्यांमागं मी चार बेदाणे टाकते.
हिशेबात धरत नाही.