आवा

मानवतला, बसस्टँडमागच्या गल्लीत
धुरपता मावशीचा आवा दोन दिवस पेटलेला.
पेटलेला म्हणजे दिसत काहीच नाही.
पाचट, राख, वरून मातीचा लेप
आणि एका भेगेतून निघणारा धूर,
तोही कंटाळल्यासारखा.

माझ्या मांडीवर लॅपटॉप.
पडद्यावर आभाळाचा एक तुकडा,
साध्या दुर्बिणीला तिथं नुसता काळा डाग,
कुणी नखानं खरवडून काढल्यासारखा.
त्याला नाव नाही, आकडा आहे,
रेशनकार्डाच्या नंबराइतका लांब.

अवरक्त फाईल उघडली.
धुळीच्या पोटात सात ठिकाणं तापलेली.
लाल, पिवळा मीच भरला;
उबेला कुठला रंग?

"मावशी, बघ, यात तारे शिजायलेत."
तिनं पडद्याकडं पाहिलंच नाही.
माझं मनगट धरून तळवा आव्यावर नेला,
वीतभर उंच.
"हितं?"
ऊन.
"अन् हितं?"
जास्त.
"मंग डोळे कशाला लागतेत?"

सकाळी आवा उकलला.
राखेत अजून इस्तू होता.
एकेक मडकं उचलून ती बोटाच्या पेरानं वाजवत गेली,
कान तिरका, तोंडात तंबाखू.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
मग एक: बद्द.
"कच्चं ऱ्हायलं. ऊन हाय, पर बोलंना."

तिनं ते फोडलं नाही.
भिंतीकडं सरकवलं, पुढच्या आव्यासाठी.

दुपारी खोडदहून रेडिओची फाईल उतरली,
लाइट दोनदा गेली म्हणून तिसऱ्यांदा.
सहा ठिकाणांभोवती रेषांची वेटोळी,
तलाठ्याच्या नकाशातल्या टेकड्यांसारखी.
आपल्याभोवतीचा हायड्रोजन फोडून
बोलायला लागलेली सहा लेकरं.
सातव्या जागी खरखर,
आणि कुणाच्यातरी मोबाईलचा ओरखडा.
सगळ्यात थंड, सगळ्यात खोल तेच होतं.

सर फोनवर म्हणाले, सातवा वगळा,
रेडिओत पुरावा नाही.
मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.
बाहेर मावशी गिऱ्हाइकाला सांगत होती,
रांजण शनिवारी घेऊन जा, आज नको.

तो प्रकाश निघाला तेव्हा
या गावाच्या मातीला कुणी चाक लावलं नव्हतं.
आत्ता तिथं काय असेल?
कदाचित कधीच वाजायला लागलं असेल,
आणि तो आवाज वाटेत असेल,
अजून कितीतरी हजार वर्षं.

तक्त्यात सातव्या ओळीला
रेडिओच्या रकान्यात मी शून्य लिहिलं नाही.
लिहिलं: याहून कमी.
आणि पुढं तो आकडा,
जिथं आमचा कान संपतो.